सूट न देता नाव कसे मिळवावे : हळदीच्या पोत्यापासून काही विचार

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा व्यापारी थप्पीपुढे उभे राहून मूठभर हळकुंडे उचलतात, एखादे मोडून आतला रंग पाहतात, वास घेतात आणि भाव बोलतात. कोणाच्या शेतातील माल, कोणी किती निगुतीने शिजवला, किती दिवस वाळवला, हे सारे त्या क्षणापर्यंत जिवंत असते. सौदा तुटला की शेतकऱ्याचे नाव अडत्याच्या पट्टीवर उरते आणि मालाला राहतो तो केवळ भाव. पुढे पॉलिश, दळण, पाकीट असा प्रवास करून हीच हळद किराणा दुकानाच्या फळीवर येते, तेव्हा शेजारी आणखी पंधरा पिवळी पाकिटे बसलेली असतात. मग विक्रेत्याजवळ सांगण्यासारखे एकच वाक्य उरते : आमची दोन रुपयांनी स्वस्त आहे.

आपल्या समाजातील बहुसंख्य घरे अशाच मालात आहेत. हळद, गूळ, बेदाणा, डाळी, तांदूळ, तेल, कापूस, कापड, पाइप, सिमेंट. यांपैकी कशाचाही भाव आपण ठरवत नाही. तो सकाळी फोनवर कळतो. म्हणूनच ‘ब्रँड’ हा शब्द उच्चारताच पेढीवरची वडीलधारी मंडळी हसतात. ते साबण-शाम्पूवाल्यांचे काम, आपले नव्हे, असे त्यांचे मत. मी जवळजवळ साडेतीन दशके बँकेत काढली, त्यांतील बराच काळ कर्ज विभागात. व्यापाऱ्यांचे ताळेबंद आणि दरमहा येणारी मालसाठ्याची पत्रके वाचता वाचता माझे मत मात्र वेगळे बनत गेले. ते येथे मांडतो.

प्रथम सूट देण्याचा हिशेब पाहू, कारण तो पेढीवर सहसा कोणी पूर्ण करीत नाही. समजा, शंभर रुपयांच्या विक्रीत माल नव्वद रुपयांचा आहे आणि ढोबळ नफा दहा रुपये. आपण तीन टक्के सूट दिली. नफा दहाचा सात झाला. पूर्वीइतकेच पैसे मिळवायचे असतील तर माल सुमारे त्रेचाळीस टक्के जास्त विकला पाहिजे. तीन टक्क्यांच्या सुटीने विक्री त्रेचाळीस टक्के वाढते का? शेजारच्या पेढीनेही दुसऱ्या दिवशी तीन टक्के सोडले, की कोणाचीच वाढत नाही.

आणि ती वाढली असे धरले तरी गोष्ट संपत नाही. दरमहा दहा लाखांची विक्री, दीड महिन्याची उधारी आणि एक महिन्याचा साठा अशी पेढी घ्या. त्रेचाळीस टक्के जादा माल विकायचा म्हणजे उधारीत आणि साठ्यात मिळून साडेनऊ लाखांहून अधिक रक्कम नव्याने अडकते. अकरा टक्के दराने तिचे वर्षाचे व्याज लाखाच्या वर जाते. हमाली, तोलाई, वाहतूक, बुडीत निराळे. म्हणजे एवढा खटाटोप करून नफा पूर्वीइतकाच, आणि वर बँकेला लाखभर रुपये. बँक अधिकारी म्हणून मला याबद्दल तक्रार नसावी, परंतु कॅश क्रेडिटची मर्यादा दरवर्षी वाढवून मागणारे, विक्री वाढल्याचा अभिमान बाळगणारे आणि तरीही घरखर्चास कमी उचल घेणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या कागदांत हेच गणित दडलेले असे.

याउलट त्याच पेढीने भाव तीन टक्क्यांनी चढा ठेवला, तर नफा तेरा होतो आणि सुमारे तेवीस टक्के विक्री गमावूनही कमाई तेवढीच राहते. अर्थात, चढा भाव देण्याचे कारण ग्राहकाला मिळाले पाहिजे. ते कारण म्हणजेच ब्रँड. आपल्या जुन्या भाषेत छाप, मार्का.

येथे वटावाचा गैरसमज दूर करतो. रोखीने पैसे देणाऱ्यास दिलेला वटाव ही सूट नव्हे. तो व्याजाचा सरळ मोबदला आहे, आणि हिशेबात बसत असेल तर जरूर द्यावा. तसेच खरेदीचा भाव उतरला म्हणून विक्रीचा भाव उतरवणे हीदेखील सूट नव्हे. आपल्या मालास दुसरे काही सांगण्याजोगे नाही, म्हणून नफ्यातील तुकडा तोडून देणे, ती सूट.

भावाच्या बाबतीत घाबरण्यापूर्वी ग्राहकाच्या घरातील हिशेबही पाहावा. पाच माणसांच्या घरात महिन्याला दोनशे ग्रॅम हळद लागते असे धरू. किलोमागे चाळीस रुपयांचा फरक म्हणजे त्या घरास महिन्याला आठ रुपये. आठ रुपयांसाठी कोणती गृहिणी मनास न पटणारी हळद मुलांच्या दुधात घालील? ज्या फरकाचा स्वयंपाकघरात कोणास पत्ताही लागत नाही, त्यासाठी व्यापारी आपला सारा नफा उधळतो. गहू, तांदूळ, तेल यांचे तसे नाही. त्याच घरात तीस किलो गहू लागला, तर किलोमागे चार रुपयांचा फरक एकशेवीस रुपयांवर जातो आणि तो बोचतो. म्हणून मीठ, हळद, हिंग, चहा, वेलदोडे अशा थोड्या लागणाऱ्या वस्तूंत नावाला जितके मोल मिळते, तितके गव्हात मिळत नाही. कोणत्या मालात नाव करायचे हे ठरवताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ‘ब्रँड करा’ असा सरसकट उपदेश करणारे सल्लागार तो क्वचितच सांगतात.

मिठाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मिठाहून स्वस्त आणि मिठाहून एकसारखी वस्तू कोणती? आमच्या लहानपणी खड्याच्या मिठाचे पोते दुकानाच्या पायरीवर उघडे पडलेले असे. ते चोरण्याच्या लायकीचेही कोणी समजत नसे. गुजरातेत द्वारकेजवळ मिठापूर येथे टाटा केमिकल्सचा सोडा अ‍ॅशचा कारखाना होता. तेथे निर्वात बाष्पीभवनाने बारीक, स्वच्छ मीठ तयार होत असे. १९८३ साली कंपनीने ते आयोडीन मिसळून, पाकिटात बंद करून ‘टाटा सॉल्ट’ या नावाने विकण्यास आरंभ केला. सुट्या मिठापेक्षा भाव अर्थातच जास्त. परंतु पाकिटात खडे नाहीत, माती नाही, वजन पुरे, आणि आज घेतलेले व सहा महिन्यांनी घेतलेले मीठ सारखेच. घरात महिन्याकाठी लागते किती, तर किलो-दीड किलो. ‘देश का नमक’ ही घोषणा फार पुढची, या शतकाच्या आरंभीची. आधी जवळजवळ वीस वर्षे पाकिटाने आपला शब्द पाळला, नंतर घोषणा आली. हा क्रम आपल्याकडची तरुण मुले नेमका उलटा करतात. आधी घोषणा, चित्रफलक आणि नटीचा फोटो. आणि माल मात्र यार्डात त्या दिवशी स्वस्त मिळाला तो.

दुसरे उदाहरण आपल्याच समाजातील, आणि म्हणून पुष्कळांना ठाऊक असलेले. हुकमीचंद चोरडिया आणि त्यांच्या पत्नी कमलबाई यांनी पुण्यात १९६२ साली मसाल्याचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे ‘प्रवीण मसालेवाले’ आणि ‘सुहाना’ या नावांनी घरोघरी पोहोचला. त्यांतील मर्म व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावे. मिरची, धने, हळद हा बाजारभावाचा माल आहे. त्यांचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. कांदा-लसूण मसाल्याचा भाव मात्र कोणत्याही यार्डाच्या फळ्यावर नसतो. एका स्वयंपाकघरातील हाताचे प्रमाण मालात उतरले, आणि त्या क्षणी तुलना संपली. मिरचीपूड शेजाऱ्यापेक्षा महाग का, असे ग्राहक विचारू शकतो. एखाद्या मसाल्याची चव जिभेवर बसली, की तोच ग्राहक भाव न विचारता पाकीट उचलतो. आपल्या घरांतील स्त्रियांच्या हातात असे किती तरी ऐवज पडून आहेत, आणि पेढीवर त्यांचे मत विचारण्याची पद्धत अजूनही नाही, हे जाता जाता नमूद करतो.

परंतु ज्याला मिश्रण करायचे नाही, शुद्ध हळदच विकायची आहे, त्याने काय करावे? फळबाजारात मिळणारी किवी आठवा. न्यूझीलंडमधील उत्पादकांनी १९९७ साली ‘झेस्प्री’ हे एक नाव स्वीकारले. किवी इतर देशांतही पिकते आणि स्वस्तही मिळते. झेस्प्रीने फळातील शुष्क द्रव्याचे प्रमाण मोजण्याची पद्धत लावली, कारण तोडणीच्या वेळी ते जेवढे अधिक, तेवढे फळ पिकल्यावर गोड. आणि शेतकऱ्यास पैसेही त्या गोडीच्या मापावर देण्यास आरंभ केला. म्हणजे फळावरच्या चिकटपट्टीमागे एक मोजमाप आहे आणि त्या मोजमापास पैशाची जोड आहे. मोजमापावाचून चिकटपट्टी म्हणजे नुसता कागद.

हळदीत असे मोजण्यासारखे पुष्कळ आहे. कुरकुमीन हे तिचे मुख्य रंगद्रव्य. सर्वसाधारण हळदीत ते दोन ते चार टक्के असते, तर मेघालयातील लाकाडोंग हळदीत सात टक्क्यांच्या आसपास. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळदही याच गुणासाठी नावाजली जाते. लाकाडोंगला मिळणारा भाव पाहा, म्हणजे एका आकड्याचे मोल कळेल. दुसरे मोजमाप भेसळीचे. हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून पॉलिश करताना शिसेयुक्त क्रोमेट वापरण्याचा प्रकार उपखंडात अनेक ठिकाणी आढळला आहे. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी हा संबंध उजेडात आणला, शासनाने कडक पावले उचलली आणि दोन वर्षांत तेथील बाजारातून ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. तेव्हा ‘आमची हळद थोडी फिकी दिसेल, कारण तिला वरून रंग दिलेला नाही, या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल क्रमांक अमुक’ एवढे एक वाक्य पाकिटावर असले, तर ते दोन रुपयांच्या सुटीपेक्षा अधिक काम करील.

तिसरी गोष्ट ठिकाणाची. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढ्याची ज्वारी, नवापूरची तूरडाळ, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, भिवापूरची मिरची, लासलगावचा कांदा हेही याच मालिकेत आहेत. मानांकन मिळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, सत्कार झाले, आणि बहुतेक पेढ्यांवर पुढे काहीच घडले नाही. कारण मानांकन आपोआप कोणाच्या पाकिटावर चढत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि माल नोंदीत लिहिलेल्या क्षेत्रातील व गुणाचा असावा लागतो. येथे आपल्या व्यापाऱ्यांनी स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. सांगलीच्या यार्डात कर्नाटक, तेलंगण, मराठवाडा येथूनही हळद येते. सांगलीत विकली गेलेली हळद आणि सांगलीची हळद यांत अंतर आहे. निजामाबादची हळद वाईट नव्हे. तिला सांगलीची म्हणणे वाईट. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत हीनाधिक-मानोन्मान म्हणजे मापातील खोट आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे एकाच्या जागी त्यासारखे दुसरे देणे, हे दोन्ही स्पष्ट नावाने येतात. व्यापारी समाजासाठी लिहिताना त्यांना बाजार किती बारकाईने ठाऊक होता, याचे नवल वाटते.

हरिपूरची हळदीची पेवे सांगलीकरांना माहीत आहेत. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. परंतु तेथील माती, ती पेवे, तो व्यवहार ही कथा खरी आहे, आणि ती जगात दुसऱ्या कोणत्याही हळदीजवळ नाही. एवढी कथा हाताशी असताना आपल्या पाकिटांवर हसऱ्या अनोळखी गृहिणीचे विकतचे चित्र छापलेले दिसते, तेव्हा वाईट वाटते.

आता एक प्रत्यक्ष पाहिलेली हकिकत सांगतो. नावगाव सांगत नाही. आमच्या भागातील एका तालुक्याच्या ठिकाणी हळद दळणारे एक घर आमच्या शाखेचे खातेदार होते. घरातील कर्त्या पुरुषास सारा गाव आप्पा म्हणे. पूर्वी पंचवीस किलोच्या पोत्यांतून सुटी हळदपूड दुकानांना जाई. मुलगा शिकून आला, त्याने पाकिटे सुरू केली आणि खप व्हावा म्हणून ‘दहावर एक मोफत’ अशी स्कीम लावली. म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक सूट. त्यांची पत्रके माझ्याकडे येत. स्कीमच्या महिन्यात विक्री एकदम चढलेली, पुढच्या दोन महिन्यांत जवळजवळ शून्य. दुकानदार स्कीममध्ये माल भरून ठेवी आणि पुढच्या स्कीमची वाट पाही. गिऱ्हाईक वाढलेच नव्हते. तोच माल तीन महिन्यांऐवजी एका महिन्यात, नऊ टक्के स्वस्त जात होता.

घरातील सूनबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्यांनी सुचवले की स्कीम बंद करावी आणि त्याच पैशांत तीन गोष्टी कराव्यात. दळल्याचा महिना पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत न छापता पुढे मोठ्या अक्षरांत छापावा, प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासून घ्यावी, आणि दळून सहा महिने उलटलेले पाकीट दुकानातून स्वखर्चाने परत घ्यावे. अन्नसुरक्षा कायद्याचे नियम तेव्हा लागू व्हायचे होते. कोणी सक्ती केलेली नव्हती. आप्पा म्हणाले, “माल परत घ्यायचा म्हणजे तोटा आपल्या हाताने लिहून द्यायचा.” सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, तोटा आजही होतोच आहे. फक्त तो स्कीम या नावाखाली लिहिला जातो.” हा संवाद मुलाने बँकेत हसत हसत सांगितला, पण निर्णय सोपा नव्हता. स्कीम थांबवताच पहिल्या चार महिन्यांत बऱ्याच दुकानांनी माल घेणे सोडले, आणि पहिल्या वर्षी परत आलेल्या पाकिटांनी वखारीचा एक कोपरा भरला. पुढे मात्र घरानेच शहाणपण शिकून दुकानांना थोडा थोडा माल वरचेवर देण्यास सुरुवात केली. परतीचा माल घटला. आणि ताज्या महिन्याचे पाकीट मागण्याची सवय गिऱ्हाइकांना लागली. शेजारच्या पाकिटांवर महिना शोधावा लागे, यांच्यावर तो समोर दिसे.

खरी परीक्षा २०१० साली झाली. त्या वर्षी हळदीचे भाव कोणी कल्पिले नव्हते अशा उंचीवर गेले. गावातील बहुतेकांनी दोन मार्ग धरले : जुना माल मिसळणे किंवा पाकिटाचे वजन गुपचूप कमी करणे. या घराने दोन्ही केले नाही. त्यांनी भाव वाढवला आणि प्रत्येक दुकानदारास खरेदीचा दर लिहून एका पानाचे पत्र पाठवले. तिसरा हिस्सा दुकाने सुटली. त्या वर्षी कॅश क्रेडिटची मर्यादा तात्पुरती वाढवण्याचा त्यांचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर होता. वजनात विक्री घटलेली, परंतु किलोमागचा नफा टिकलेला आणि वसुली पूर्वीच्या पन्नास दिवसांवरून तीसवर आलेली. वसुलीचा हा आकडा मला सर्वांत बोलका वाटला. ज्याचा माल दुकानदारास हवा असतो, त्याचेच पैसे तो वेळेवर देतो. मी शिफारस केली आणि मर्यादा मिळाली.

पुढील दोन वर्षांत हळदीचा भाव कोसळला. चढ्या भावाच्या मालाने भरलेल्या वखारी घेऊन बसलेल्या पेढ्या मी पाहिल्या आहेत. त्यांची वर्णने करीत नाही. या घराने दुकानदारांनी मागण्यापूर्वीच भाव उतरवला आणि दुकानात शिल्लक असलेल्या पाकिटांवरचा फरकही खाती जमा दिला. सुटलेली दुकाने हळूहळू परतली. पाकीट आजही त्या भागात शेजारच्यापेक्षा थोडे महागच विकले जाते.

अशा नावाचे रक्षणही करावे लागते, आणि येथे आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. पेढीला आपण श्रद्धेने महावीर, अरिहंत, पद्मावती, पारस अशी नावे देतो. पेढीसाठी ती शोभतात. पाकिटासाठी ती फारशी कामाची नाहीत. एकेका नावाखाली शेकडो व्यापारी असताना कोणालाही त्यावर एकट्याचा हक्क मिळणे दुरापास्त आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीच्या एका प्रकरणात ‘रामायण’ या नावावर एका व्यापाऱ्याचा एकाधिकार मान्य करण्यास नकार दिला. शिवाय पाकीट फाडून कचऱ्यात जाते, हा विचार कायद्यापलीकडचा, पण तोही करावा. ‘शुद्ध’, ‘ताजी’, ‘उत्तम’ असे वर्णन करणारे शब्दही १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली सहसा नोंदले जात नाहीत. छोटा, वेगळा, उच्चारास सोपा शब्द शोधावा. मसाले, तांदूळ, पीठ, मीठ, चहा हे तिसाव्या वर्गात येतात. व्यक्तीस किंवा लघुउद्योगास ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गास ४,५०० रुपये, इतरांस ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. एका स्कीमच्या खर्चाहून हे कमी आहे.

धान्य आणि डाळींच्या व्यापाऱ्यांस ब्रँडची जी धास्ती आहे, तिचे मूळ २०१७ सालात आहे. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा नोंदणीकृत ब्रँडच्या पाकिटबंद धान्यावर पाच टक्के कर आणि बिननावाच्या मालावर काहीच नाही, अशी रचना होती. पाच टक्के वाचवण्यासाठी पुष्कळांनी आपली नावे सोडून देण्याचा मार्ग धरला. ज्याच्या वडिलांनी तीस वर्षे एक छाप जपली, त्याने ती कर वाचवण्यासाठी टाकली, हे पाहून मला फार हळहळ वाटली होती. १८ जुलै २०२२ पासून ती कसोटीच बदलली. आता पंचवीस किलोपर्यंतच्या पूर्ववेष्टित व लेबल लावलेल्या मालावर कर आहे, मग नाव असो वा नसो. म्हणजे नाव नसण्याचा फायदा संपला; तोटा तेवढा उरला. टाकलेली नावे अजून कोणी घेतली नसतील, तर ती परत मिळवण्याचा विचार या घरांनी अवश्य करावा.

जाहिरातीसाठी कॅश क्रेडिटमधून उचल करू नये, हे माझे स्पष्ट मत. ती मर्यादा मालासाठी असते. मालाचे पैसे फिरून येतात, जाहिरातीचे केव्हा येतील याचा नेम नाही. स्कीम थांबवून जे वाचेल, तेवढ्याच रकमेत पाकीट, तपासणी आणि परतीचा माल बसवावा. हे धीम्या गतीने होते. तीन वर्षांच्या आत फळ मागणाऱ्याने यात पडू नये, आणि एकाच वेळी दहा वस्तूंना नाव देण्याचा मोहही टाळावा.

वर सांगितलेल्या घरापुढे सध्या नवाच प्रश्न आहे. आप्पा आता नाहीत. एका मोठ्या साखळी दुकानाने त्यांना त्यांच्याच प्रतीची हळद साखळीच्या नावाच्या पाकिटात भरून देण्याविषयी विचारले आहे. मागणी आजच्या विक्रीच्या दीडपट, पैसे पंचेचाळीस दिवसांत, भाव मात्र त्यांनी सांगितलेला. मुलाचे मत घ्यावे असे आहे. यंत्रे अर्धा दिवस रिकामी असतात, हे त्याचे म्हणणे खरे आहे. सूनबाईंचे म्हणणे असे की तीच हळद दुसऱ्या नावाने, आपल्या पाकिटाशेजारी, आपल्याहून स्वस्त बसेल आणि वीस वर्षांचे काम आपणच खोडून काढू. मला विचारले तेव्हा मी एवढेच सुचवले की घ्यायचेच असेल तर एकूण विक्रीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत घ्यावे, माल वेगळ्या प्रतीचा व वेगळ्या दळणाचा द्यावा, आणि पहिल्या करारात भाव हळदीच्या बाजारभावाशी जोडून घ्यावा. साखळीवाले हे मान्य करतील का, सांगता येत नाही. नातू अकाउंटन्सीच्या परीक्षेला बसला आहे. दोन्ही बाजूंचे आकडे मांडण्याचे काम सध्या त्याच्याकडे सोपवले आहे.